उपासाच्या दिवशीची दाढ

मनमोहन डॉक्टरांना गुरूंनी एक गोष्ट कान धरून शिकवली होती. दाढेत चांदी भरली, की रोग्याला "बरं वाटतं का?" एवढंच विचारून सोडू नका. समोरच्या वरच्या दाढेवर बोट टेकवा आणि दात वाजवायला सांगा. खालची चांदी उंच राहिली असेल, तर वरची दाढ बोटाखाली थरथरते. रोगी भिडेपोटी काहीही सांगतो.

गिरगावात दवाखाना थाटल्यापासून त्यांनी हा नेम एकदाच चुकवला. १८९५ सालच्या श्रावणातला सोमवार होता आणि खुर्चीत रखमा कोळीण होती. श्रावण सोडला तर उरलेले अकरा महिने तिच्या पाटीतल्या मासळीशिवाय डॉक्टरांच्या घरात घास उतरत नसे; मासे खाणाऱ्या प्रभू जातीचं घर ते. पण त्या दिवशी डॉक्टरांचा उपास, संध्याकाळी पूजा, आणि रखमाच्या तोंडाला सुकटीचा वास! हत्यारांनी चांदी भरून झाली. बोट मात्र त्यांनी तिच्या ओठांपर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"बरं आहे ना?"

"बरा हाय," म्हणून रखमा गेली.

श्रावण सरल्यावर ती गाल धरून परत आली. आता डॉक्टरांनी मुकाट्याने बोट टेकवलं. "वाजव दात." तेव्हा धडधाकट असलेली वरची दाढ बोटाखाली गदगदा हलली. उंच राहिलेल्या चांदीने घासाघासाला ठोकून ती खिळखिळी केली होती. आता ती काढण्यावाचून इलाज नव्हता.

"माजे दातच कुचके," रखमा म्हणाली. "तू काय करशील, डाक्तर?"

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. तो मोह त्यांना झालाही, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"रखमाबाई, चूक माझी आहे. त्या दिवशी मी बोट लावून बघितलंच नाही."

"ठावं हाय. हात मागं घेतलास, तो बघितला मी."

"मग लागत होतं, तर बोलली का नाहीस? लगेच घासून दिलं असतं!"

"पयल्याच दिवशी लागत व्हतं," रखमा म्हणाली. "पन बोललो असतो, तर तुला बोट घालाया लागला असता. तुजा सोमवार मोडला असता ना रे."

डॉक्टरांनी चिमटा हातात घेतला. दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यांनी रखमाचा ओठ वर उचलला.