पाठच्या दारानं गेलेलं पीठ

वाटप संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पेढीवालीनं पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं आणि मोकळ्या गोण्या झटकायला घेतल्या. सरकारनं राज्यभर अन्नपेढ्या काढल्या होत्या. कुणाच्या रानात जास्तीचं पिकलं की सरकार ते विकत घ्यायचं, कुणी दानही द्यायचं. मोठ्या गोदामात ते दळून गोण्या भरायच्या आणि दर गुरुवारी गाडी गावोगाव फिरायची. या गावातली पेढी हिच्या ताब्यात. दोन सालं आभाळ कोरडं गेलेलं, त्यामुळं गुरुवारकडं सगळ्यांचे डोळे.

तेवढ्यात फोन वाजला. गोदामातला तपासनीस होता.

"बाई, आजचं पीठ वाटू नका."

"वाटलं की! बारा घरं झाली."

 तो म्हणाला, "पेरणीचं बियाणं गव्हात मिसळलंय. किडीचं औषध लावलेलं. तसंच दळलं गेलं. कुणाच्या तोंडात जाऊ देऊ नका. पळा!"

पेढीवालीनं फोन टाकला. चपला घालायचंही भान राहिलं नाही. तापल्या फुफाट्यात ती अनवाणी पळत सुटली. ही वेळ चूल पेटायचीच. ज्या घरावर धूर दिसेल, तिकडं ती आधी वळायची. सुताराच्या घरी कणीक मळून झालेली, ती कोंबड्यांनी टिपू नये म्हणून खड्ड्यात पुरली. म्हातारी धोबीण पिशवी छातीशी धरून बसली, सोडेचना. "दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हेच का गं?" म्हणून रडायला लागली. अकरा घरं झाली. कुणी खाल्लं नव्हतं.

बारावं घर धाकट्या जावेचं, पार गावाबाहेरचं.

चार वर्षं दोघींचं बोलणं बंद. बांधावरून वाजलं होतं. "उपाशी मरेन, पण तिच्या हातचं घेणार नाही," असं जाऊ पाणवठ्यावर उभी राहून सांगायची. आज सकाळी धाकटा दीर पेढीच्या पाठच्या दारानं आला होता. "हिला कळू देऊ नकोस, वहिनी. गिरणीवरनं आणलं म्हणून सांगतो," असं म्हणून पिशवी घेऊन गेला आणि तसाच खाणीवर कामाला निघून गेला. म्हणजे ते पीठ कुठलं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

धूर दिसला तशी पेढीवाली आणखी जोरात धावली. दारातनं बघते तर दोन्ही पोरी ताटं घेऊन बसलेल्या.

"खबरदार उंबऱ्याच्या आत पाय टाकलास तर!" जाऊ चुलीपुढनं ओरडली.

पेढीवालीनं आत शिरून दोन्ही ताटं उलटी केली.

"अगं सटवे, पोरींच्या पुढचं अन्न उधळतेस?"

"विष आहे त्यात!"

"माझ्या नवऱ्यानं गिरणीवरनं आणलंय ते!"

"नाही गं. माझ्याकडनं नेलंय. पाठच्या दारानं मीच दिलंय. पोरींनी खाल्लं का? बोल लवकर!"

जावेचा चेहरा पांढराफटक पडला. "पोरींनी नाही," ती पुटपुटली. "मी खाल्लं. चतकोर चपाती. मीठ बघायला."

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर घालून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सलाईन लावली. "थोडंच गेलंय. पण संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही," म्हणाल्या. जावेचा हात बर्फासारखा गार. पेढीवाली तो चोळत बसली. तिची जरा पापणी मिटली की हिच्या काळजाचं पाणी व्हायचं.

"मला काही झालं तर पोरींना..."

"गप! अभद्र बोलू नकोस."

थोड्या वेळानं जाऊ क्षीण आवाजात म्हणाली, "बांध तूच सरकवला होतास."

"मीच. हातभर."

"हातभर नाही. चांगला दोन हात."

"बरं बाई, दोन हात. तू डोळे उघडे ठेव."

दिवस कलता कलता डॉक्टरीणबाई हसल्या, तेव्हा कुठं पेढीवालीला रडू फुटलं.

पुढच्या गुरुवारी गाडी आली. तपासनीस स्वतः आला होता. त्यानं माफी मागितली, प्रत्येक गोणी फोडून तपासल्याचं सांगितलं. पण माणसं लांब झाडाखाली उभी. घरात डबे रिकामे, पण पुढं कुणी येईना. पेढीवालीनं पीठ मापात घेतलं आणि परत गोणीत ओतलं. कुठल्या तोंडानं सांगणार, घ्या म्हणून?

गर्दीतनं जाऊ निघाली. सगळ्यांच्या देखत, पुढच्या दारानं आली आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"घाल."

"तुला भीती नाही वाटत?" पेढीवालीनं हळूच विचारलं.

"वाटते की. रात्रभर झोप नाही मला," जाऊ म्हणाली. "पण पोरींच्या ताटात काय भीती वाढू?"