हाकेला ओ

सिनेमातल्या कोरियन बाईला बसलेला मार कोल्हापुरात वैजूच्या आईला लागत होता. तिसऱ्या दिवशी वैजू स्टुडिओतून घरी आली, तेव्हा म्हातारीचा डावा डोळा जांभळासारखा सुजला होता आणि एक दाढ ताटलीत काढून ठेवलेली होती, खोबऱ्याच्या तुकड्याशेजारी.

"मी आपली मेथी निवडत होते बघ," आई म्हणाली. "तोवर तुझी हाक आली. 'ओ' म्हटलं, आन् फाडदिशी बसली."

वैजूच्या लगेच लक्षात आलं. कोरियन मारधाडीच्या सिनेमाला ती मराठी आवाज देत होती. नायिका सूक-हे, केस कापलेली, काटकुळी, एकटीनं चाळीस गुंड लोळवणारी. मार खाताना ती नुसतं तोंड उघडायची, आवाज म्हणून काढायची नाही. पण मराठी माणसाला असला मुका मार पटत नाही. म्हणून वैजूनं दर फटक्याला एक "आई गं!" घातलं होतं.

"मग ओ देऊ नकोस ना," वैजू म्हणाली.

"लेकरानं हाक मारायची आन् आईनं गप बसायचं? जनरीत हाय का ती?" म्हातारीनं सुजलेला डोळा पदरानं टिपला. "आन् ती पोरगी दुसऱ्याला हाणते, तवा काय म्हणते?"

"हाणताना ती बोलत नाही, आई."

"म्हणजे मला नुसतं खायचंच. बरं हाय."

दुसऱ्या दिवशी वैजूनं शब्द बदलून पाहिले. "बाप रे" म्हणाली, तर अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांच्या फोटोला टेंगूळ आलं; काच वर बसेना. "अरे देवा" म्हणाली, तर देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण लंगडत रांगायला लागला. आणि एवढं करून सूक-हे जागची हलेना. पडद्यावर उताणी पडून राहिली, दातांच्या डॉक्टरपुढं वासावं तसं तोंड वासून. गुंडांनी कुऱ्हाडी भिंतीला टेकवल्या. एकानं सिगरेट पेटवली.

"शब्दांवर ओठ बसत नाहीत तिचे, वैजूताई," काचेपलीकडून बापू म्हणाला. रेकॉर्डिंगचं यंत्र त्याच्याकडे असायचं. "'आई गं'च पाहिजे. तिला सवय लागलीय त्याची."

"शेवटी काय आहे, बापू?"

"जिन्यात चाकू. एकच वार हाय, पण पोटात."

वैजूनं खाली पाहिलं. पहिल्या दिवशी माईकपासून पडदा अकरा फरश्या लांब होता. आता तीन उरल्या होत्या.

शेवटच्या दिवशी ती आईला सोबत घेऊनच आली. माईकशेजारी खुर्चीत बसवलं, दोन्ही कानांत कापूस घातला, वरून मफलर आवळला. बेत साधा होता: हाक मारायचीच नाही. सिनेमा अडला तर अडू दे, आई तर राहील.

त्यांच्यामागं दार लागलं आणि भिंतीत मिसळून गेलं. बापूनं लाल दिवा लावला.

जिन्यात चाकूवाल्यानं हात उचलला. सूक-हेचं तोंड उघडलं. वैजूनं रुमालाचा बोळा दातांत धरला.

चाकू हवेत थांबला. पडदा आता फरशीभर अंतरावर होता. चाकूच्या मुठीवरचे खिळे मोजता आले असते. सूक-हे चाकूकडे बघत नव्हती. ती वैजूकडे बघत होती.

"बोला, ताई," बापू म्हणाला.

वैजूनं मान हलवली. नाही.

जेवणाची वेळ टळली. चाकूवाल्याचा हात भरून आला, तेव्हा त्यानं चाकू दुसऱ्या हातात घेतला. सूक-हेचं तोंड उघडंच होतं.

मग आईनं मफलर सोडला. कानांतला कापूस काढला, दोन्ही बोळे मांडीवर नीट ठेवले.

"ओ," आई म्हणाली.

वैजूनं रुमाल थुंकला. "मी हाक नव्हती मारली!"

"तू न्हाई गं. ती मारतीया. तोंड बघ की पोरीचं."

चाकू खाली आला.

सूक-हे उठून उभी राहिली, अंगावर साधा ओरखडाही नव्हता. खुर्चीत आई जराशी पुढं वाकली, बसल्या जागी डुलकी लागावी तशी, आणि वाकलेलीच राहिली.

बापूनं यंत्र मागं फिरवलं, ऐकलं, परत फिरवलं.

"आवाज दुसऱ्याचा लागला, ताई," तो म्हणाला. "पुन्हा एकदा घेऊ."

लाल दिवा लागला. चाकूवाल्यानं पातं पँटला पुसलं आणि पुन्हा उचललं. मधली शेवटची फरशीही राहिली नव्हती. सूक-हेनं तोंड उघडलं. वैजूनंही उघडलं. दोघींची तोंडं आता अगदी एका मापाची होती, आणि चाकूवाला आळीपाळीनं दोघींकडे बघत होता.