दातांच्या गोळ्या

रोइमाताने लेकीचा जबडा दाबून तोंड उघडलं आणि बोट घालून आतला पांढरा लगदा बाहेर काढला. तीन वर्षांची मारामा हात झाडत रडू लागली. फरशीवर फ्लोराइडच्या गोळ्यांची बाटली आडवी पडली होती, झाकण टेबलाखाली गेलं होतं. बाटलीत जेमतेम चार-दोन गोळ्या उरल्या होत्या.

"किती खाल्ल्यास? माझ्याकडे बघ. किती?"

"खूप," मारामा म्हणाली.

धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन रोइमाताची आई हुहाना दारातच थबकली.

"आई, ही बाटली वरच्या कपाटात होती ना?"

हुहानाने टोपली खाली ठेवली.

विषबाधेच्या मदतक्रमांकावरची बाई शांतपणे एकेक विचारत गेली. मुलीचं वजन, गोळीची ताकद, बाटलीत आधी किती होत्या.

"गेल्याच आठवड्यात फोडली. मी दिवसाला एकच देते, दंतवैद्याने सांगितली तेवढीच. जवळजवळ भरलेली होती."

बाईने पलीकडे हिशोब केला.

"उलटी करवू नका. पिईल तेवढं दूध पाजा आणि लगेच दवाखान्यात न्या. मी त्यांना कळवते."

दवाखाना खाडीपलीकडे. वळसा घालून रस्त्याने जायचं म्हणजे तासाच्या वर. तिघी धक्क्यावर पोचल्या तेव्हा फेरीबोट समोरच्या काठावरून नुकतीच सुटत होती. मागच्या सीटवर हुहाना नातीच्या तोंडाला दुधाचा पेला लावत होती. दोन घोट आत गेले आणि तीन घोटांएवढं बाहेर आलं.

"पोट दुखतंय, नॅन," मारामा आजीला म्हणाली.

"हो गं सोन्या. अजून एक घोट."

रोइमाता आरशातून बघत होती. "टाकीतलं पावसाचं पाणी पितो आपण, त्यात दातांना बळ देणारं काही नाही, म्हणून या गोळ्या आणल्या. आणि झाकण न लावता खाली कुणी ठेवल्या?"

"ते झाकण दाबून फिरवावं लागतं. माझ्या बोटांना जमत नाही. नुसतं वर टेकवून ठेवते."

"पण तुला बाटली उघडायची गरजच काय पडली?"

बोटीची फळी धाडकन धक्क्यावर पडली. रोइमाताने गाडी आत घेतली आणि इंजिन बंद केलं. बोट हलली.

"तिने एवढ्या नाही खाल्ल्या," हुहाना म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"बाटली भरलेली नव्हतीच. सकाळी शेजारच्या पाओराची आणि वायनाची पोरं शाळेची बस धरायला आपल्या अंगणात येतात ना, त्यांना देत होते मी. रोज. मागितली तर दुसरीही. गोळी म्हटलं की तोंड फिरवतात, म्हणून खाऊ म्हणून द्यायचे."

आपल्याला आता मोकळा श्वास घेता येतोय, हे आधी रोइमाताच्या लक्षात आलं. मग त्या श्वासाचाच तिला राग आला.

"खाऊ म्हणून? हिच्यासमोर?"

"पाओराच्या मधल्याला भूल देऊन दाढा काढाव्या लागल्या. इतकंसं पोर. माझे तर लग्नाआधी बापाने सगळेच दात काढवून घेतले, पुढे दातांच्या खर्चाचा नवऱ्याच्या डोक्याला ताप नको म्हणून. माझ्या मैत्रिणींचंही तेच. वाटलं, आपल्या घरात आहेत तर पोरांच्या तोंडी जाऊ देत."

"फोनवर मी विचारत होते, तेव्हा का नाही बोललीस?"

रोइमाताने फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर लावला. "आता येतोय त्या मुलीबद्दल. मदतक्रमांकावर आधी जे सांगितलं ते चूक होतं," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं नीट सांगितलं.

दवाखान्यात रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, पुन्हा दूध पाजलं. दुपार उलटली तशी मारामा नर्सकडे बिस्किटं मागू लागली. तरुण डॉक्टरीण खुर्ची ओढून हुहानासमोर बसली.

"हिला आता धोका नाही. त्या बाकीच्या मुलांत सगळ्यात धाकटं किती मोठं आहे?"

हुहानाने जमिनीपासून हात वर धरला. फार वर नाही. "पाओराची. भावांना सोडायला येते. दोन पुरी व्हायचीत."

"एवढ्या लहानांना या गोळ्या देत नाहीत. रोज जास्त पोटात जात राहिलं, तर पुढे येणाऱ्या पक्क्या दातांवर डाग पडू शकतात. त्यांच्या आईवडिलांना सांगायला हवं. मुलांना तपासूनही घेऊ."

"मी दातांसाठीच दिल्या."

"कळलं मला," डॉक्टरीण म्हणाली. तिने आवाज चढवला नाही, म्हणून हुहानाला ते जास्त लागलं.

परतीच्या बोटीवर मारामा झोपून गेली.

"पाओराला तूच फोन कर ना," हुहाना हळूच म्हणाली.

"फोन नाही. त्यांच्या दारात जायचं. तू बोलायचंस, आई. मी शेजारी उभी राहीन."

पाओराच्या ओट्यावर दिवा लागला होता. गाडीचा आवाज ऐकून तो बाहेर आला आणि त्याच्या पायांमधून धाकटी धावत सुटली. थेट हुहानापुढे येऊन ती थांबली, मान वर केली, डोळे मिटले आणि मोठा आ वासला.

पाओरा हसायला लागला. "बघ आत्या, तुला बघितलं की हिचं हे असं. कुणी शिकवलंय, काही कळत नाही."

हुहाना गुडघ्यांवर हात टेकत धाकटीसमोर खाली बसली.

"पाओरा," ती म्हणाली, "जरा इकडे ये, बाळा."