सत्त्याण्णव टक्के

मित्रांनो, ऐका ना! मी एक जुना मीटर आहे, ऊन मोजायचा. आता भंगाराच्या पोत्यात पडलोय, अंगाखाली गंजक्या बिजागऱ्या, डोक्यावर कुणाचातरी मिक्सर. पण एके काळी मी खिडक्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावणाऱ्या दुकानात काउंटरवर बसायचो, काय तो माझा तोरा! तळहाताएवढा मी, पोटावर आकडे आणि टोकाला मसुरीएवढा डोळा.

त्या डोळ्याचं खरं सांगू? त्याला उन्हाचा एकच भाग कळतो, न दिसणारे उष्ण किरण. उजेडाबरोबरही उष्णता येते, काच स्वतः तापून आत धग सोडते, ते मला कळतच नाही. माझ्या खोक्यात तसा कागद होता: ‘एकूण उष्णतेसाठी प्रयोगशाळेचा आकडा पाहा.’ तिथं म्हणे उन्हाचा रंगन् रंग मोजतात, आरपार किती गेला, परत किती फिरला, काचेनं किती प्यायला. मालकांनी पहिल्याच दिवशी तो कागद चुरगळला आणि नेम धरून डब्यात टाकला. “एवढं कोण वाचतंय!”

मग रोज खेळ. एका बाजूला तापलेला दिवा, मधे फिल्म लावलेली काच, पलीकडे मी. काच नसताना शंभर, काच आली की तीन! लोक टाळ्या वाजवायचे आणि मी फुगायचो.

एकदा एक ताई आल्या. त्यांचे बाबा अंथरुणाला खिळलेले, खोली इतकी चिंचोळी की पलंग पश्चिमेच्या खिडकीखालीच मावायचा.

“दुपारी मी कामावर असते हो. जाड पडदा लावून जाते, तर बाबांना अंधारात गुदमरतं. म्हणजे यानं शंभरातली सत्त्याण्णव उष्णता बाहेर राहील?”

“मी कुठे बोलतोय, ताई? आकडा बोलतोय!”

फिल्म चिकटवणाऱ्या मावशी मागून पुटपुटल्या, “मालक, ही काळी फिल्म ऊन पिते. काच तव्यासारखी तापेल. ती परत फेकणारी द्या की.”

“मावशी, तुम्ही चिकटवा. शिकवू नका.”

मावशींनी काळी फिल्म कापायला घेतली. मला तर आकड्यांपलीकडे बोलता येत नाही.

आठ दिवसांनी ताई पुन्हा आल्या, डोळे सुजलेले. “आकड्याच्या भरवशावर मी पडदा काढून टाकला हो! परवा घरी आले तर काचेला हात लाववेना, आणि बाबा बेशुद्ध. आता दवाखान्यात आहेत. मला ओळखत नाहीत.”

मालकांनी मला उचललं, दोनदा आपटलं. “अहो, हा मीटरच बिघडलाय वाटतं!”

बिघडलो असतो तर बरं झालं असतं, मित्रांनो! मी बरोबर होतो. मला जे विचारलं, त्याचंच उत्तर दिलं मी. नाचता येईना त्यांना, आणि वाकडं अंगण ठरलो मी.

मला जपा असं मी म्हणत नाही, माझं काय, मी चाललो वितळायला. पण कुणी आकडा नाचवला तर त्याला विचारा, यात काय काय मोजलं नाही? आणि काचेला एकदा हात लावून बघा, ऐन दुपारी.

पोत्यात पडताना मी काउंटरकडे पाहिलं. नवा मीटर आला होता, चकचकीत. मालकांनी खोक्यातून कागद काढला, चुरगळला.

नेम याही वेळी चुकला नाही.