काटे फिरलेच नाहीत

मित्रांनो, मी मनगटी घड्याळ असलो तरी एका जागी टिकटिक करत बसणं माझ्या रक्तातच नाही. माझं पोट उन्हावर भरतं आणि वेळ मी थेट आकाशातल्या उपग्रहांना विचारून लावतो. चिमट्याने माझे काटे बसवणाऱ्या बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "याला घर काही लाभायचं नाही!"

मालकही तसाच मिळाला. कारखान्यांत पॅकिंगची यंत्रं बसवून देणारा. आज या देशात, उद्या त्या. विमानात शेजारचे प्रवासी माझ्याकडे वाकून बघायचे आणि मी उगाच तोऱ्यात असायचो.

परतताना तो माझी वेळ कधी बदलत नसे. तो मान त्याच्या लेकीचा. तो बूट काढायच्या आत ती मला बाल्कनीत न्यायची, बटण दाबून धरायची आणि माझे काटे परदेशातली वेळ सोडून गरगर फिरत घरच्या वेळेवर यायचे. "आता बाबा आले!" ती ओरडायची.

एकदा तो नेहमीसारखी बॅग घेऊन निघाला, पण टॅक्सी विमानतळाकडे वळलीच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, टायरच्या दुकानावर, एका लॉजची खोली त्याने घेतली. कंपनीने त्याला कामावरून काढलं होतं आणि घरी सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. दिवसभर तो नोकरीसाठी फोन करायचा आणि संध्याकाळी बायकोला सांगायचा, "इथे फार थंडी आहे गं." मी खिडकीत पडल्या पडल्या तळमळायचो. आकाशाला कितीदा विचारलं तरी उत्तर तेच, तू घरच्याच शहरात आहेस. मला त्याची चीड यायची आणि काळजीही वाटायची.

अखेर तो घरी गेला. लेकीने मला बाल्कनीत नेलं, बटण दाबलं. मी तरी काय करणार? वेळ आधीपासून बरोबरच होती.

"आई, काटे फिरलेच नाहीत! बिघडलं का गं हे?"

बायको बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आत त्याच्याकडे. तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला होता. आता घरात भडका उडणार म्हणून मी धास्तावलो.

"नाही गं, घड्याळ ठीक आहे," ती म्हणाली. मग आत जाऊन त्याच्यासमोर बसली. "अहो, इतके दिवस नीट जेवत होतात ना?"

त्याला रडूच फुटलं. मग त्याने सगळं सांगितलं.

हल्ली तो इथल्याच बेकऱ्यांमधली यंत्रं दुरुस्त करतो. माझ्या काचेवर पीठ बसतं, आणि विमानाचा आवाज आला की माझा जीव अजून वरखाली होतो. मित्रांनो, मला फार दिवस अंधारात ठेवू नका, मी बंद पडतो. पण तुमच्या घरी कोणी गप्प गप्प परतलं, तर माझ्याकडे नंतर बघा. आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.