नऊ चाळीस ते दहा पंचवीस

नोटीस सव्वाअकराला आली. पॅटर्न शॉपमधील महिला कामगार आज सकाळी नऊ चाळीस ते दहा पंचवीस या वेळेत डोळे मिटून बसलेली आढळली. कामाच्या वेळेत झोपल्याची कबुली सात दिवसांत सहीनिशी द्यावी, अन्यथा बदली पॅकिंग विभागात करण्यात येईल. सोबत नव्या कॅमेऱ्यातला फोटो होता. स्टुलावर ताई, हात मांडीवर, डोळे बंद.

ताईने कागद दोनदा वाचला. एकोणीस वर्षांत ती या शॉपमध्ये एकदाही झोपली नव्हती. अंगात ताप असतानाही नाही.

पॅटर्न शॉपमध्ये हव्या त्या भागाची लाकडी प्रतिकृती बनते. ती वाळूत दाबून अलगद काढली की मागे पोकळी राहते आणि त्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. ताईला हे काम तिच्या वडिलांनी याच बाकावर शिकवलं होतं. त्यांची पद्धत एकच. लाकडाला हात लावण्याआधी बसायचं, डोळे मिटायचे आणि रस मनात ओतायचा. तो कुठून शिरतो, कुठे वळतो, कुठे आधी गोठतो, हे पाहायचं. शेवटचा थेंब गोठेपर्यंत उठायचं नाही. त्या सकाळी ती पाण्याच्या पंपाचं कवच ओतत होती, आणि शेवटचा थेंब भलत्याच जागी गोठला होता.

नोटीस हातात घेऊन ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब येऊन चार महिने झाले होते. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. ती उभीच राहिली.

"मी झोपले नव्हते. काम करत होते."

"हात तर हलत नव्हते, बाई."

"हातांच्या आधीचं काम होतं ते. या कवचाची मान जाड आहे, दोन्ही बाजूंची भिंत पातळ. भिंत आधी गोठणार, मानेला रस मिळणार नाही. आत पोकळ राहील. मानेवर रायझर हवा."

रायझर म्हणजे साच्यावर ठेवलेली रसाची जादा टाकी. आतला रस आकसला की ती वरून भर घालते. साहेबांना एवढं माहीत होतं.

"ड्रॉइंगमध्ये रायझर आहे?"

"नाही. म्हणून तर सांगतेय."

"ड्रॉइंग कॉम्प्युटरने तपासलंय. तुमची कल्पनाशक्ती घरी वापरा, मुलांना गोष्टी सांगायला. इथे ड्रॉइंगप्रमाणे करा."

"मग तुमचं ड्रॉइंगही कुणीतरी डोळे मिटूनच काढलं असेल की! का ते छापूनच जन्माला आलं?"

"नोटिशीवर सही करा, बाई. विषय संपवा."

घरी नणंदेने भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं. "कर की सही, वहिनी. चार ओळींसाठी कशाला डोकं फोडून घेतेस?"

"झोपले होते म्हणून लिहू?"

"लिहिल्याने झोपणार आहेस का?"

"बाबांनी तीस वर्षं त्या स्टुलावर डोळे मिटले. मी सही केली तर तेही झोपाच काढत होते, असं होईल. कळतंय का तुला?"

ताईने नणंदेच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली भाजी स्वतःच चिरली. इतकी बारीक, की जेवताना कुणाला ती ओळखता येईना.

पुढचे चार दिवस तिने ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापलं, रायझरशिवाय. एक शब्द बोलली नाही. ओतकामाचा मुख्य कारागीर, ज्याला त्याच्या आवाजामुळे सगळे भोंगा म्हणत, दोनदा विचारून गेला, "काय गं, उपास धरलाय का बोलण्याचा?" तिने रंधा मारणं थांबवलं नाही.

पाचव्या दिवशी रस ओतला. सहाव्या दिवशी कवच वाळूतून निघालं आणि साहेब स्वतः पाहायला आले. बाहेरून कुठे टाचणीएवढंही छिद्र नव्हतं. त्यांनी मानेवर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुठे आहे तुमची पोकळी?"

"आत."

"आतलं कुणाला दिसतं?"

"कापल्यावर सगळ्यांना."

चांगला माल कापायचा नाही, हा या कारखान्याचा जुना नियम होता. ताईने खडू घेतला, मानेवर रेघ ओढली आणि कवच ढकलगाडीवर घालून करवतीकडे नेऊ लागली. साहेब म्हणाले, "निर्दोष निघालं तर उद्या थेट पॅकिंग." ती म्हणाली, "चालेल."

करवतीला वीस मिनिटं लागली. तुकडा वेगळा झाला. भोंग्याने फडक्याने तोंड पुसावं तसा तो पुसला. लोखंड करडं, घट्ट, एकसंध होतं. साहेब हसले.

ताईच्या कानशिलांतून धग निघत होती. तिला साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. मग ती भोंग्याकडे वळली.

"साचा कसा मांडला होता? मान वर की खाली?"

"खाली," भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला. "वाळूच्या पेटीत बसत नव्हता गं. उलटा घातला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलत होतीस का कुणाशी!"

ते खरं होतं. तिने मनात कवच सुलटं ओतलं होतं. ती तिथेच, करवतीच्या चौथऱ्यावर बसली. डोळे मिटले. कॅमेरा बरोबर डोक्यावर होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, पण भोंगा आपल्या मूळ आवाजात म्हणाला, "थांबा हो!" आणि ते थांबले. तिने कवच उलटं केलं. रस पुन्हा ओतला. पातळ भिंती गोठल्या, मान एकटी पडली, आणि पोकळी वर सरकली, मानेच्या दुसऱ्या अंगाला. अकरा मिनिटांनी ती उठली आणि पहिल्या रेघेपासून दोन बोटांवर दुसरी ओढली.

या वेळी तुकडा पुसावा लागला नाही. आत काळं भोक होतं, कडा खरबरीत. भोंग्याने त्यात अंगठा घातला तर तो पेरापर्यंत गेला.

"पंपात बसवलं असतं तर सहा महिन्यांत मानेपाशी फुटलं असतं," ताई म्हणाली. "पाणी वाहून गेल्यावर कुणाला नोटीस दिली असती?"

साहेबांनी रायझर लावायला त्याच संध्याकाळी परवानगी दिली. नोटीस मागे घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हसतमुखाने एक छापील तक्ता तिच्या बाकावर ठेवला. त्यात नवा रकाना होता, "विचार". त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं, कमाल पंधरा मिनिटं.

"आता तर खूश ना, बाई? तुमच्यासाठी खास करून घेतला."

"आणि पंधरा मिनिटांत रस गोठला नाही तर?"

"सरासरी काढलीय आम्ही. काल तुम्हाला अकराच लागली."

ताईने तक्ता उलटा करून बाकावर ठेवला आणि त्यावर रंधा ठेवला. मग स्टुलावर बसली आणि नव्या पॅटर्नसाठी डोळे मिटले. रस काही आला नाही. अंधारात साहेबांचा चेहरा होता, हसरा, दात नीट घासलेला. तिने त्यालाच साच्यात ओतून पाहिलं. तो गोठेना. हे डोक्यातून जाईपर्यंत उठायचं नाही, असं तिने ठरवलं.

त्याला सव्वा तास लागला. तो तिने कुठल्याच रकान्यात लिहिला नाही.