वसुमतीच्या वतीने आजारी

वसुमतीच्या सासरचं घराणं साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर बंगळूरला आलं आणि परत जायचं विसरलं. पुढे तलवारी गेल्या, जमिनी गेल्या, मराठीत निम्मं कन्नड मिसळलं, पण एक कुळाचार काही सुटला नाही. आजारी माणसाला बघायला जायचं. लग्नाला एखादा आला नाही तर चालवून घेत. आजाऱ्याला बघायला जो गेला नाही, त्याचा उद्धार मात्र त्याच्या नातवंडांच्या मुंजीतही होत असे.

त्यामुळे वसुमतीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा ऑपरेशनचं तिने इतकं मनावर घेतलं नाही. केमोही सोसली. पण केमो घेऊन, भिंतीला धरत धरत बसवनगुडीच्या घरी परतावं, तर खरी परीक्षा हॉलमध्ये कॉफी पीत बसलेली असायची.

बघायला येण्याची एक पद्धत होती. आधी दारातच तोंड पाडायचं. मग पलंगाजवळच्या खुर्चीत बसून "किती वाळलीस गे" म्हणायचं. मग हाच आजार झालेल्या, आपल्या ओळखीच्या कुणाची तरी गोष्ट सांगायची. गोष्टीतला माणूस सुस्वभावी असे, त्याचे डॉक्टर नामांकित असत, आणि शेवटी तो हमखास गेलेला असे. तिथवर आलं की सांगणाऱ्यालाच हुंदका फुटे आणि वसुमतीला उठून बसून त्याच्या पाठीवरून हात फिरवावा लागे. पुतण्या रविकिरण पोतंभर लक्ष्मणफळाची पानं घेऊन आला आणि त्यांचा काढा ती पूर्ण पिईपर्यंत समोरून हलला नाही. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात. वसुमतीला रोगही परवडला, इलाजही परवडला, विचारपूस तेवढी आवरा असं झालं होतं.

नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. बिंदुमाधव बँकेतून निवृत्त झालेला, स्वभावाने इतका भिडस्त की घरात चोर शिरला तरी साखर किती घालू म्हणून विचारेल. शेवटी वसुमतीनेच एचएसआर लेआउटमधल्या 'सोबत' नावाच्या संस्थेला फोन केला. कॅन्सरमधून उठलेल्या आणि त्यातून जात असलेल्या लोकांना ही संस्था मदत करायची. तिथली श्वेता मूळची पुण्याची, आयटीतली नोकरी सोडून या कामात पडलेली.

"काकू, तुमचा प्रॉब्लेम ॲक्च्युअली खूप कॉमन आहे," श्वेता म्हणाली. "आम्ही त्याला व्हिजिटर लोड म्हणतो. आणि त्यासाठी आमचा एक नवा प्रोग्रॅम आहे. आम्ही तुमच्याकडे एक सर्व्हायव्हर पाठवतो. तो तुमच्या जागी झोपतो. लोक त्याला भेटतात, तुम्ही आतल्या खोलीत आराम करता. सिंपल!"

"आणि लोकांना हे चालतं?"

"पहिलीच केस आहे. करून बघू ना!"

दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमराव आले. मूळ नागपूरचे, बोम्मसंद्र्याच्या पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, पोटाच्या कॅन्सरमधून उठलेले. विधुर, सडपातळ, अबोल. येताना स्वतःची चादर, उशी आणि कानटोपी घेऊन आले होते. वसुमतीच्या पलंगावर त्यांनी अंग टाकलं, चादर छातीपर्यंत ओढली आणि छताकडे अशी काही नजर लावली की बिंदुमाधवने घाबरून त्यांना पाणी विचारलं.

पहिली पाहुणी आली ती बिंदुमाधवची आत्या गोजराबाई. ऐंशीला टेकलेली ही बाई, सगळ्यांची गोजरक्का, देवनहळ्ळीहून दोन बस बदलून आली होती. खोलीच्या दारात तिने नेमाने तोंड पाडलं आणि पलंगावर मिशा बघून पुन्हा सरळ केलं.

"वसू कुठंय रे?"

"आत झोपलीय," बिंदुमाधव खालमानेने म्हणाला. "तिच्या वतीने हे आहेत. संस्थेने पाठवलेत."

गोजरक्काने पुरुषोत्तमरावांना आपादमस्तक न्याहाळलं. "ह्यांना पण कॅन्सरच?"

"होता जी," पुरुषोत्तमराव क्षीण आवाजात म्हणाले.

"ऑपरेशन?"

"झालं."

"केमो घेतला?"

"सगळा."

गोजरक्का क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "बायको गावाला गेली तर कमरेला सुपारी लावून पुरुष पूजेला बसतो. देवाला चालतं ते. मग आपण कोण लागून गेलो? सरी, चालेल." आणि खुर्ची पुढे ओढून पुरुषोत्तमरावांना म्हणाली, "किती वाळलात हो!"

आतल्या खोलीत वसुमती भिंतीला कान लावून उभी होती. तिने तोंडात पदर कोंबला आणि कित्येक महिन्यांनी पोट धरून हसली. त्या दुपारी ती गाढ झोपली.

बघता बघता व्यवस्था अशी काही बसली की विचारू नका. पुरुषोत्तमराव म्हणजे आजारी असण्यातले उस्ताद निघाले. मेलेल्या माणसांच्या गोष्टी ते मन लावून ऐकायचे, मध्येच "मग पुढे?" विचारायचे, आणि सांगणाऱ्याला हुंदका आला की त्याच्याआधी यांचे डोळे भरायचे. रविकिरणचा काढा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला, तेव्हा रविकिरणने त्यांना वाकून नमस्कार केला. लोकांना असा आजारी माणूस जन्मात भेटला नव्हता. येऊन गेलेले पुन्हा येऊ लागले. कुणी एळनीर, म्हणजे शहाळं आणलं, कुणी मोसंबी, कुणी हातची शेव. गोजरक्काने तर पुरुषोत्तमरावांना बरं वाटू दे म्हणून आंजनेयाला वडामाला बोलली. नवस तिचा असला तरी वडे घरच्या सुनेने करायचे असतात, म्हणून माळेचे वडे वसुमतीने तळले.

तोवर तिची केमो संपली होती. डोक्यावर मऊ लव उगवली होती, चार कामं करण्याइतकं बळ अंगात आलं होतं. व्यवस्था थांबवायची वेळ झाली होती. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आणि हातपाय पसरणं हेच तर या भटाचं काम! वसुमती आता पाहुण्यांना कॉफी नेऊन द्यायची आणि पाहुणे तिच्याकडे न बघता कप उचलायचे. एकदा तिच्या हातून कुकरचं झाकण पडलं, तर गोजरक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "हळू गे! घरात पेशंट आहे."

एका दुपारी कुणी आलं नव्हतं. वसुमतीने पुरुषोत्तमरावांना कॉफी नेऊन दिली आणि तिथेच उभी राहिली. आता तुम्ही या, हे कसं म्हणावं, याची मनात जुळवाजुळव चालली होती. पण तेच आधी बोलले.

"ताई, माझं ऑपरेशन झालं तेव्हा मी नागपूरला कळवलंच नव्हतं. म्हटलं, उगाच लोकांची धावपळ. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला बघायला ही गर्दी व्हायची. नर्सबाईंनी मला विचारलं, तुमचं कोणी नाही का? मी म्हटलं, आहेत जी, कामात आहेत." त्यांनी कॉफी फुंकली. "गोजरक्का मला किती वाळलात म्हणतात ना, तेव्हा वाटतं, आत्ता कुठे मी आजारी पडलो."

वसुमतीने शेवेची बशी त्यांच्यापुढे सरकवली आणि ती आत गेली.

मग सहामाही तपासणी आली. डॉक्टरांनी पडद्यावर, यकृताच्या कडेला, एका ठिपक्यावर बोट ठेवलं. बहुतेक काही नसेल, म्हणाले. तरी आणखी एक स्कॅन करू, सोमवारी या. वसुमतीने मान डोलावली, पर्स उचलली आणि जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की आपल्याला पाय नाहीत. खाली जे चाललेत ते दुसऱ्या कुणाचे तरी आहेत.

घरी येऊन तिने बिंदुमाधवला सांगितलं. तो पांढराफटक पडला. "नसेल गं काही. नसणारच," म्हणाला, आणि पत्त्यांचा कॅट घेऊन पुरुषोत्तमरावांच्या खोलीत गेला. त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. त्याची भीती तिच्या भीतीपुढे उभी राहू शकत नव्हती, एवढंच.

तिने गोजरक्काला फोन लावला.

"अक्का, माझी तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले..."

"सगळं चांगलं होतंय बघ!" गोजरक्का तिकडून ओरडली. "तू काही चिंता करू नको. परवा मी आले तेव्हा पुरुषोत्तमराव दोन इडल्या जास्त खाल्ले. हसले पण! रविवारी आम्ही सगळे येतो बघायला."

वसुमतीने फोन ठेवला आणि श्वेताला लावला.

"श्वेता, मला भीती वाटते गं."

"ओह काकू! इट्स ओके. आमचा त्यासाठी गुरुवारचा ग्रुप आहे. फक्त ना, सध्या वेटिंग आहे." श्वेताने कीबोर्डवर काहीतरी टकटक केलं. मुलगी मनाची वाईट नव्हती, मनापासून विचार करत होती. "एक सुचतंय. एक व्हॉलंटियर दर गुरुवारी येतेच. तुमच्या वतीने ती घाबरली तर चालेल का?"

वसुमतीला हसावं की रडावं कळेना. गंमत म्हणजे व्यवस्थेत खोट काहीच नव्हती. तिनेच मागितलेली होती ती. तिने आपली कीव करायला माणसं नकोत म्हणून आजार पलंगासकट दुसऱ्याला दिला, आणि आता घाबरायला जागा हवी होती तर पलंगावर माणूस होता.

रविवारी सगळे आले. खोलीत खुर्च्या पुरेनात म्हणून रविकिरण खिडकीच्या कट्ट्यावर बसला. कुणी पुरुषोत्तमरावांचे पाय चेपत होतं, गोजरक्का त्यांना मोसंबं सोलून देत होती. बिंदुमाधव दाराशी उभा राहून येणाऱ्याला "आज बरे आहेत" असं सांगत होता. वसुमती कॉफीचा ट्रे घेऊन आत आली. नेहमीसारखे चार-पाच हात कपांसाठी पुढे झाले. तिने ट्रे खाली, थेट जमिनीवर ठेवला.

"पुरुषोत्तमराव," ती म्हणाली, "उठा."

"अय्यो, असं काय बोलतेस पेशंटला!" गोजरक्का म्हणाली.

पुरुषोत्तमरावांनी वसुमतीकडे पाहिलं. आजारी माणसाचं तोंड ते चांगलं ओळखत असणार. काही न विचारता त्यांनी चादर बाजूला केली, कानटोपी काढली आणि उठून उभे राहिले. उशी झटकून जागच्या जागी ठेवली. वसुमती पलंगावर आडवी झाली, चादर तिने छातीपर्यंत ओढून घेतली. चादर अजून गरम होती.

"उद्या माझा स्कॅन आहे," ती छताकडे बघत म्हणाली. "यकृतावर ठिपका दिसलाय."

मग रविकिरणने घसा खाकरला. "काकू, आमच्या ऑफिसात एकाला अगदी असाच..."

"तो गेला का?"

रविकिरण खिडकीबाहेर बघू लागला.

"मला भीती वाटते," वसुमती म्हणाली. "मला मरायचं नाही. मला खूप भीती वाटते."

साडेतीनशे-चारशे वर्षं हे घराणं आजाऱ्यांना बघायला जात होतं. आजाऱ्याला काय म्हणायचं, काय आणायचं, किती वेळ बसायचं, सगळं बसलेलं होतं. पण आजारी माणूस असं काही बोलेल याची तजवीज कुणीच करून ठेवलेली नव्हती. बिंदुमाधव दाराची चौकट धरून उभा होता. पुरुषोत्तमराव या घरात पहिल्यांदाच पलंगाच्या या बाजूला आलेले, हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचत नव्हतं. गोजरक्काचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिच्या बोटांवरून मोसंब्याचा रस मनगटापर्यंत ओघळला होता.

तिने हात पदराला पुसले. खुर्चीच्या पाठीला धरून उठली, पलंगाच्या काठावर बसली आणि एकेक करून दोन्ही गुडघे हातांनी उचलून वर घेतले. मग ती ऐंशीची बाई कण्हत, धापा टाकत, वसुमतीच्या शेजारी आडवी झाली.

"सरक स्वल्प," ती म्हणाली. "मला पण भीती वाटतीय."

वसुमती सरकली. मग गोजरक्काच्या कुशीत तोंड खुपसून ती मोठ्याने, गळा काढून रडली. बिंदुमाधव आत आला आणि तिच्या पायांपाशी जमिनीवर बसला. आलेली सगळी माणसं आपापल्या जागी बसून होती, आणि इतक्या जणांपैकी एकानेही तिला रडू नको म्हटलं नाही.